ताबा देण्याआधी



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते हाडाचे शिक्षक होते. म्हणून वर्गात शिकवता येईल आणि ऐकणाऱ्याला घरी जाऊन पडताळता येईल, असाच विषय मी निवडला आहे. विषय असा: संगणकाचा ताबा एका कर्नलकडून दुसऱ्या कर्नलकडे जातो, तेव्हा प्रोसेसरच्या रजिस्टरांत उरलेल्या मजकुराचे काय करायचे?

आधी जागेचा अंदाज देतो. प्रोसेसर मेमरीतून आकडा उचलतो, रजिस्टरात ठेवतो, तिथे बेरीज-वजाबाकी करतो आणि उत्तर परत मेमरीत टाकतो. आज आपल्याकडच्या बहुतेक सर्व्हरांत जो एक्स-८६ घराण्यातला ६४ बिटी प्रोसेसर असतो, त्यात सर्वसाधारण कामाची रजिस्टर्स १६. प्रत्येक ६४ बिटांचे, म्हणजे ८ बाइटांचे. एकूण १२८ बाइट. देवनागरीतल्या एका चिन्हाला संगणकात सहसा ३ बाइट लागतात, तेव्हा मी आत्ता बोलतो आहे ते हे वाक्यसुद्धा त्या जागेत मावणार नाही. पण पतसंस्थेच्या खातेदाराची शिल्लक असो, कारखान्याच्या काट्यावरचे उसाचे वजन असो, की एखाद्याचा पासवर्ड असो, ते सारे कधी ना कधी या १२८ बाइटांतून जातेच.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, कोणता प्रोग्राम कधी चालवायचा, डिस्कला आणि नेटवर्कला कोणी हात लावायचा, हे तो ठरवतो. त्याच्या वर कोणी नाही. एरवी कर्नल बदलायचा तर संगणक रीस्टार्ट करतात. मग प्रोसेसर मुळापासून सुरू होतो, फर्मवेअर एकेक भाग तपासतो आणि मग नवा कर्नल वर चढतो. मोठ्या सर्व्हरवर या तपासणीतच काही मिनिटे जातात. ती वाचवायची म्हणून एरिक बीडरमन यांनी 'केएक्झेक' ही सोय लिहिली. ऑगस्ट २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत ती मूळ प्रवाहात आली. चालू कर्नलच नव्या कर्नलला मेमरीत आणून ठेवतो, बाकीचे प्रोसेसर थांबवतो, आणि उरलेल्या एका प्रोसेसरला नव्याकडे पाठवतो. मधे फर्मवेअर नाही, रीसेटही नाही.

रीसेट नाही, ही गोष्ट साधी वाटते, पण सगळा प्रश्न तिथूनच उभा राहतो. रीसेट झालेला प्रोसेसर ठरलेल्या स्थितीत उभा असतो. कोणत्या रजिस्टरात काय असेल ते कंपनीच्या पुस्तकात छापलेले असते. केएक्झेकमध्ये तसे नसते. जुन्या कर्नलने शेवटच्या क्षणी जे काही हातात धरले होते, ते तसेच नव्याच्या हाती येते. शाळेत पुढच्या तासाचे सर वर्गात येतात तेव्हा फळ्यावर आधीच्या तासाचे गणित अर्धवट असते, तशी ही अवस्था आहे. फळा कोणी पुसायचा, जाणाऱ्याने की येणाऱ्याने? आपल्या शाळांत याचे उत्तर ठरलेले आहे. कर्नलच्या जगात ते कसे ठरले, हे पाहण्यासारखे आहे.

ताबा बदलतो त्या जागेवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तिथला प्रत्येक शब्द विचार करून लिहिलेला आहे.

लिनक्समध्ये हे काम एका छोट्या असेंब्ली फाइलमध्ये होते. तो कोड मेमरीच्या एका राखीव पानावर नेऊन चालवतात, कारण जुना कर्नल जिथे बसला होता ती जागाही नव्याच्या सामानाखाली जाण्याची शक्यता असते. सुरुवातीलाच फ्लॅग्ज शून्य करून इंटरप्ट बंद होतात. मग स्टॅक त्या राखीव पानाच्या शेवटाशी नेला जातो. मग पुढे जिथे जायचे तो पत्ता स्टॅकवर ठेवला जातो. हा पत्ता स्टॅकवरच का? रजिस्टरात ठेवून उडी मारता आली असतीच. पण मग ते एक रजिस्टर पुसता आले नसते, आणि जुन्याची एक खूण नव्याकडे गेली असती. पुढे नियंत्रक रजिस्टर्स ठरलेल्या स्थितीत आणली जातात, नव्या कर्नलची पाने आपापल्या जागी हलवली जातात, आणि सगळ्यात शेवटी सलग १५ ओळी येतात. एकेका रजिस्टराचा त्याच्याशीच एक्सऑर. कोणत्याही आकड्याचा स्वतःशी एक्सऑर शून्य असतो, म्हणून १५ ओळींत १५ रजिस्टर्स शून्य. सोळावे रजिस्टर स्टॅकचे, ते तेवढे राहू देतात. मग एक 'रेट' सूचना, म्हणजे स्टॅकवरचा पत्ता उचलून तिथे जा.

पुसण्याचे काम शेवटी येते, कारण बाकीची सगळी कामे करायला ही रजिस्टर्सच लागतात. आधी पुसली तर काम अडते. पुसल्यावर आणखी एखादे काम काढले तर पुन्हा मळतात. त्यामुळे पुसणे आणि जाणे यांच्या मधे एकही सूचना नको.

एक बारकावा विद्यार्थ्यांसाठी सांगतो. त्या १५ ओळींत रजिस्टराचे ६४ बिटी नाव न लिहिता ३२ बिटी नाव लिहितात. ऐकणाऱ्याला वाटेल की अर्धेच पुसले. तसे होत नाही. एएमडीने ही ६४ बिटी रचना आखली तेव्हाच नियम घातला की खालच्या ३२ बिटांत काहीही लिहिले की वरचे ३२ बिट आपोआप शून्य व्हावेत. जुन्या १६ बिटी नावांना मात्र हा नियम नाही. तिथे वरचा भाग जसाच्या तसा राहतो, हे लक्षात ठेवा. ३२ बिटी एक्सऑरला जुन्या सात रजिस्टरांसाठी २ बाइट लागतात, ६४ बिटीला ३. रजिस्टरात शून्य भरण्याची साधी सूचना लिहिली तर ५. परिणाम एकच, आणि सात बाइट वाचतात. या सगळ्या कोडला जागा २०४८ बाइटांची ठेवलेली आहे, म्हणून बाइट मोजून वापरणे हा तिथला रिवाजच आहे. बचत क्षुल्लक आहे, पण ती करता येण्यासाठी प्रोसेसरचा नियम पुरता ठाऊक असावा लागतो, आणि मला त्या ओळींचे मोल तिथे वाटते.

एवढे पुसून झाल्यावरही ताबा लगेच नव्या कर्नलकडे जात नाही. मधे 'पर्गेटरी' नावाचा छोटा प्रोग्राम असतो. नव्या कर्नलच्या तुकड्यांचा एसएचए-२५६ ठसा तो पुन्हा काढतो आणि आधी नोंदवलेल्या ठशाशी ताडून पाहतो. जुळला नाही तर पुढे जात नाही, तिथेच फिरत राहतो. जुळला तर एका तक्त्यातून सगळी रजिस्टर्स पुन्हा भरतो आणि मगच नव्याला बोलावतो. त्या तक्त्यात महत्त्वाचे मूल्य एकच असते. आरएसआय या रजिस्टरात, यंत्राची माहिती जिथे लिहून ठेवली आहे त्या जागेचा पत्ता.

आता मूळ प्रश्न. पुसायचे कशासाठी? त्याचे एक उत्तर सगळे देतात: कचरा नको, वागणूक ठरलेली असावी. ते खरेच आहे. रजिस्टरात काहीतरी शून्य असेल असे नव्या कर्नलने नकळत गृहीत धरले असेल, तर साध्या रीस्टार्टला तो बिनबोभाट चालेल आणि केएक्झेकने उठवल्यावर कधीतरी पडेल. असा दोष शोधताना माणूस मेटाकुटीला येतो.

पण त्याहून खोल कारण मला एआरएमच्या ६४ बिटी लिनक्सच्या करारात दिसले. तिथे नव्या कर्नलला ताबा देताना चार रजिस्टरांबद्दल नियम आहे. एक्स-० मध्ये यंत्राच्या वर्णनाचा पत्ता हवा, आणि एक्स-१, एक्स-२, एक्स-३ शून्य हवीत. ही तीन शून्य का, तर ती पुढच्या काळासाठी राखीव आहेत. यात दूरदृष्टी कशी आहे ते पाहा. समजा आजचे हजारो बूटलोडर एक्स-१ मध्ये काहीबाही सोडून जात आहेत आणि आजचा कर्नल त्याकडे पाहत नाही. कोणाचेच काही अडत नाही. दहा वर्षांनी कोणाला एक्स-१ ला अर्थ द्यावासा वाटला तर मात्र देता येणार नाही. त्यात आलेला आकडा नव्या अर्थाचा की जुना कचरा, हे कर्नलला कळायला मार्ग उरत नाही. आज शून्य ठेवण्याची शिस्त पाळली तरच उद्या 'शून्य नाही' या स्थितीला अर्थ देता येतो. ३२ बिटी एक्स-८६ च्या करारातही असेच आहे: ईएसआयमध्ये पत्ता, आणि ईबीपी, ईडीआय, ईबीएक्स शून्य. ज्यांनी ही ओळ लिहिली त्यांनी अजून न जन्मलेल्या कर्नलांसाठी जागा राखून ठेवली.

असा करार आपल्या महाराष्ट्रातल्या एका यंत्रातही होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातला प्रोसेसर कसा होता हे क्वचितच सांगतो. तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीचा ट्रान्सप्युटर होता. पूर्णांकांच्या हिशेबाला त्यात अवघी तीन रजिस्टर्स होती, ए, बी आणि सी. साध्या प्रक्रियेला बाजूला सारून दुसरीला संधी द्यायची ती जम्प किंवा लूपच्या शेवटासारख्या मोजक्या सूचनांवरच, आणि त्या सूचनांनंतर या तीन रजिस्टरांत काय असेल याची हमी नाही, असे छापूनच ठेवले होते. त्यामुळे प्रोग्राम लिहिणारा, किंवा त्याच्या वतीने कंपायलर, त्या क्षणी हातात काही शिल्लक ठेवतच नसे. प्रक्रिया बदलताना ती तीन जपावी लागत नसत, म्हणून बदल विलक्षण वेगाने होई. हातात काही नाही हे आधी ठरलेले होते, त्याचा हा फायदा.

त्याच ट्रान्सप्युटरला शेजारच्या ट्रान्सप्युटरकडून लिंकवरून बूट करता येई. पहिला बाइट २ किंवा त्याहून मोठा आला, की तितक्या बाइटांचा प्रोग्राम आत घ्यायचा आणि चालवायचा. त्या वेळी ए मध्ये आधीचा सूचना-पत्ता, बी मध्ये आधीच्या कार्यक्षेत्राचा पत्ता, आणि सी मध्ये ज्या लिंकवरून बूट झाले तिचा पत्ता मिळे. म्हणजे येणाऱ्याला तीनच गोष्टी कळत: आधीचा कुठे थांबला, त्याचे सामान कुठे आहे, आणि आपल्याला कोणी उठवले. तीन रजिस्टर्स, तिन्ही करारात. ताबा देण्याचा याहून नेटका नमुना माझ्या पाहण्यात नाही.

आता गुपितांकडे वळतो. जून २०१८ मध्ये 'लेझी एफपी' नावाची त्रुटी जाहीर झाली. एक काम थांबवून दुसरे सुरू करताना दशांशाच्या गणिताची मोठी रजिस्टर्स लगेच बदलायची नाहीत, नव्याने ती मागितली तरच बदलायची, अशी जुनी काटकसर होती. इंटेलच्या प्रोसेसरात अंदाजाने पुढे धावणाऱ्या सूचनांच्या आडून आधीच्या कामाची मूल्ये वाचता येतात, असे दिसून आले. एईएस सांकेतीकरणाच्या किल्ल्या याच रजिस्टरांत ठेवल्या जातात. जुलै २०२३ मध्ये गुगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी एएमडीच्या झेन-२ मधला दोष उघड केला. तो तर थेट पुसण्याचाच दोष होता. मोठ्या रजिस्टराचा वरचा भाग शून्य करण्याची सूचना आली की तो प्रोसेसर खरोखर शून्ये लिहीत नसे, 'हे शून्य आहे' एवढी खूण करत असे. विशिष्ट क्रमाने सूचना दिल्या की खूण मागे घेतली जाई, पण तोवर ती जागा दुसऱ्याच कामाला दिलेली असे, आणि तिथला मजकूर वाचणाऱ्याच्या हाती पडे.

त्याआधी, २०११ मध्ये, जर्मनीतल्या एरलांगेन-न्युरेंबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 'ट्रेझोर' नावाची युक्ती मांडली होती. बंद केलेल्या संगणकाच्या मेमरीतून किल्ली काही काळ वाचता येते, हे २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने दाखवले होते. म्हणून एरलांगेनच्या संशोधकांनी डिस्कची किल्ली मेमरीत न ठेवता प्रोसेसरच्या चार डीबग रजिस्टरांत ठेवली. चार गुणिले ६४, बरोबर २५६ बिट. रीसेट झाला की ती जाते, या भरवशावर. केएक्झेकमध्ये रीसेट होत नाही, हे मी मघाशीच सांगितले. तिथे ती किल्ली जाणाऱ्यानेच पुसायला हवी. त्या १५ ओळींच्या यादीत डीबग रजिस्टर्स नाहीत, याकडे विद्यार्थ्यांनी जरूर लक्ष द्यावे.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. पुसण्याची पहिली जबाबदारी जाणाऱ्याची. येणारा कर्नल कचऱ्यापासून स्वतःला सांभाळू शकतो. स्वतःपुरती झाडलोट तो करतोच, रिस्क-फाइव्हवर काही परिस्थितींत लिनक्सचा कर्नल सुरुवातीलाच जवळजवळ सगळी रजिस्टर्स शून्य करतो, आपल्याला दिलेली दोन सोडून. पण येणाऱ्याने पाहिलेले न पाहिलेले होत नाही. कोणती गोष्ट गुप्त आहे आणि ती कुठे ठेवली आहे, हे फक्त जाणाऱ्याला ठाऊक असते. दोघांनीही पुसावे हे उत्तम. एकालाच नेमायचे असेल तर जाणाऱ्याला नेमावे.

आणि पुसू नये अशीही एक वेळ असते. कर्नल कोसळतो तेव्हा. त्याच २.६.१३ आवृत्तीत 'केडम्प' आले, आणि या कामात आपल्या देशातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी आयबीएममध्ये असताना बीडरमन यांच्यासह त्यावरचा निबंध २००५ च्या ओटावाच्या लिनक्स परिषदेत मांडला. कल्पना अशी: मेमरीचा एक भाग आधीच राखून तिथे दुसरा कर्नल तयार ठेवायचा. पहिला कोसळला की ताबा दुसऱ्याकडे द्यायचा, आणि त्याने पहिल्याची मेमरी फाइलसारखी वाचून डिस्कवर जतन करायची. अशा वेळी रजिस्टर्स हाच पहिला पुरावा. कोणत्या सूचनेवर कोसळला, कोणता पत्ता हातात होता, हे तिथेच लिहिलेले असते. म्हणून बाकीच्या प्रोसेसरांना न टाळता येणारा इंटरप्ट देऊन थांबवतात, प्रत्येकाची रजिस्टर्स मेमरीतल्या ठरलेल्या टिपणात उतरवतात, आणि मगच तो एकटा प्रोसेसर पुसून पुढे जातो. फळा पुसण्याआधी वहीत उतरवून घ्यायचा, ही शिस्त इथेही आहे. उतरवलेले राहते, हातातले पुसले जाते. लपवण्यासाठी पुसणे आणि सोपवण्यासाठी पुसणे यांतला फरक मला केडम्पइतका स्वच्छ कुठे दिसलेला नाही.

कधी जुन्या कर्नलकडे परत यायचे असते, तेव्हा अर्थातच पुसत नाहीत, जपतात. त्याची वाट वेगळी आहे.

रजिस्टर्स पुसली म्हणजे सगळे झाले, असे मात्र कोणी समजू नये. नेटवर्क कार्डाला जुन्या कर्नलने 'येणारे पॅकेट मेमरीत अमुक जागी टाक' असे सांगून ठेवलेले असते. त्याला कोणी थांबवले नाही, तर नवा कर्नल त्याच जागी बसल्यावरही ते पॅकेट तिथेच येऊन पडते आणि नव्याच्या मजकुराचा चुराडा होतो. साध्या केएक्झेकमध्ये प्रत्येक ड्रायव्हरला आपले यंत्र थांबवायची संधी देतात. कोसळल्यावर ती संधी नसते, म्हणूनच केडम्पचा कर्नल आधीपासून राखीव जागेत राहतो, जिथे जुन्याने कोणालाही काही टाकायला सांगितलेले नाही. १२८ बाइट पुसायला १५ ओळी पुरतात, बाहेर पाठवलेले निरोप मागे घ्यायला हजारो ओळी लिहूनही काम अपुरे राहते.

हे सगळे इथे, नगर जिल्ह्यात का सांगायचे? १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि त्या दशकात संगमनेर, लोणी, कोपरगाव इथे ती उभी राहिली. त्यामागे प्रवरा-गोदावरीकाठच्या सहकाराचा पैसा आणि जिद्द होती. तिथून शिकलेली मुले आज पुण्या-बंगळुरूला, परदेशात कर्नलवर काम करू शकतात, करतातही. आपल्या देशात आता प्रोसेसरही घडू लागले आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने 'अजित' हा प्रोसेसर घडवला. तो स्पार्कच्या आठव्या आवृत्तीच्या सूचनासंचावर चालतो. स्पार्कमध्ये सहसा प्रत्येक फंक्शनला रजिस्टरांची नवी खिडकी मिळते, आणि त्या खिडकीत आधीच्या कोणाचे काही उरले असेल तर काय करायचे, हा आपला आजचाच प्रश्न तिथे घडोघडी उभा राहतो. प्रोसेसर आपला असेल तर ताब्याचा करारही आपल्यालाच लिहावा लागेल. कोणते रजिस्टर कोणासाठी, कोणते शून्य, कोणते राखीव, हे ठरवणारी माणसे लागतील.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला प्रक्रिया बदलण्याची आकृती काढून थांबू नका. क्यूईएमयू हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते आणि त्यात आख्खा दुसरा संगणक उभा राहतो. त्यात लिनक्स चढवा, जीडीबी हा डीबगर जोडा, पर्गेटरीच्या पहिल्या सूचनेवर थांबा आणि रजिस्टर्स छापून पाहा. स्टॅकचे सोडून सगळी शून्य दिसतील. मग १५ पैकी एक ओळ काढा, कर्नल पुन्हा बांधा आणि त्या एका रजिस्टरात काय उरले ते पाहा. ते कुठून आले याचा माग विद्यार्थ्यांना काढू द्या. डीबग रजिस्टरांचे काय होते, तेही त्यांनाच शोधू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वहीत एवढे टिपून घ्या. कर्नलचा स्रोत उघडा आहे. त्यात 'आर्च' या फोल्डरात 'एक्स-८६', त्यात 'कर्नल', आणि त्यात 'रिलोकेट कर्नल ६४' नावाची असेंब्लीची फाइल आहे. एका बैठकीत वाचून होते. या सत्रात ती वाचा.